फ्रान्समध्ये पाहुणा म्हणून वावरताना

आपण विचारले आहे की, पती-पत्नी, सासूबाई आणि बारा वर्षांची मुलगी अशा चौघांनी दहा दिवस फ्रान्सला जाताना काय पाहावे, आणि फ्रेंच लोक परक्यांशी तुटकपणे वागतात असे जे सगळीकडे ऐकू येते त्याला कसे सामोरे जावे. चौघांपैकी तिघे शाकाहारी आहेत, हेही आपण लिहिले आहे. मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि मराठी पर्यटकांच्या लहान गटांबरोबर त्या देशात नियमाने जाते, त्या अनुभवावरून लिहीत आहे. आपले दोन्ही प्रश्न मी एकत्रच घेते, कारण त्या देशात पाहण्यासारखे जे आहे त्याचा मोठा भाग बेकरीत, आठवडी बाजारात, जेवणाच्या टेबलावर आणि लोकांच्या राहत्या वाड्यांच्या चौकांत आहे, आणि तो नीट वागणाऱ्यालाच पाहायला मिळतो.

तुटकपणाचे कारण बहुतेक वेळा एकच असते. आपल्याकडे दुकानात शिरल्यावर आपण सरळ कामाचे बोलतो. ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हणण्यात कोणाला काही गैर वाटत नाही. फ्रान्समध्ये दुकान, कॅफे, औषधांचे दुकान, तिकीट खिडकी, बस, डॉक्टरांची प्रतीक्षाखोली, या सगळ्या जागा तिथे बसलेल्या माणसाच्या मानल्या जातात. कोणाच्या घरी गेल्यावर उंबऱ्यातूनच आपण पाणी मागत नाही, आधी घरच्यांची विचारपूस करतो, तसेच तिथे आधी ‘बोंजूर’ म्हणायचे असते, समोरच्याच्या उत्तराची क्षणभर वाट पाहायची असते आणि मगच कामाचे बोलायचे असते. हा शब्द गाळून थेट इंग्रजीत प्रश्न विचारला की समोरचा माणूस गप्प होतो किंवा कोरडेपणाने स्वतःच ‘बोंजूर’ म्हणून आपल्याला थांबवतो. आपण त्याला उद्धट समजतो आणि त्याच वेळी तो आपल्याला उद्धट समजत असतो. संध्याकाळी दिवेलागणीनंतर हाच शब्द ‘बोंस्वार’ होतो. निघताना ‘मेर्सी, ओरव्हार’ म्हणायचे, काहीही विकत घेतले नसले तरी.

सकाळच्या बेकरीत हे कसे चालते ते जवळून पाहिले की सगळे लक्षात येते. रांग बहुधा दाराबाहेरपर्यंत असते आणि आत येणारा प्रत्येक जण कोणा एकाकडे न पाहता सगळ्यांना मिळून ‘बोंजूर’ म्हणतो. आपली पाळी आली की काउंटरवरच्या बाई ‘बोंजूर’ म्हणतात. त्यांना ‘बोंजूर, मादाम’ असे उत्तर द्यायचे आणि मग ‘यून त्रादिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हणायचे. ‘त्रादिस्यों’ म्हणजे १९९३ च्या शासकीय आदेशाने ज्याची व्याख्या ठरवली आहे तो पाव: पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण, कोणतीही कृत्रिम भर नाही आणि बनवताना कधीही गोठवलेला नाही. साध्या ‘बागेत’पेक्षा, म्हणजे नेहमीच्या लांब काठीसारख्या फ्रेंच पावापेक्षा, तो थोडा महाग असतो, पण तोच घ्यावा. अनेक गिऱ्हाईके पुढे सांगतात की चांगला भाजलेला द्या किंवा जरा कमी भाजलेला द्या, आणि बाई त्याप्रमाणे निवडून देतात. पैसे हातात न देता काउंटरवरच्या छोट्या तबकडीत ठेवायचे. पावाचे टोक रस्त्याने चालता चालता मोडून खाणे तिथे अगदी सर्वमान्य आहे. आपल्या मुलीला हे काम रोज सकाळी एकटीने करू द्यावे, असे मी मनापासून सुचवते. ‘बागेत’ पाव बनवण्याची ही कला २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, आणि तिचे जतन कसे होते ते पाहण्यासाठी या रांगेत उभे राहण्यासारखी दुसरी जागा नाही.

संबोधनाबाबत मराठी माणसाला फारसे शिकावे लागत नाही. अनोळखी माणसाला ‘व्हू’, म्हणजे आपले ‘तुम्ही’. ‘त्यू’ हे घरच्यांसाठी, मित्रांसाठी आणि लहान मुलांसाठी. इंग्रजीच्या सवयीने हा फरक आपण विसरतो, एवढेच. आवाजाची मात्र काळजी घ्यावी लागते. मेट्रोत, रेल्वेच्या डब्यात आणि विशेषतः उपाहारगृहात फ्रेंच माणूस शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलतो. आपला गट एकमेकांना हाका मारत, फोन स्पीकरवर ठेवून घरच्यांशी बोलू लागला, तर कोणी काही म्हणणार नाही, पण भोवतालचे चेहरे आणि सेवा दोन्ही बदलतात. हे मी अनेक गटांबरोबर पाहिले आहे, आणि सुरुवातीलाच दोन शब्द सांगून ठेवले तर ज्येष्ठ मंडळीही ते आनंदाने पाळतात.

आता पाहण्याविषयी. दहा दिवसांत पाच शहरे बसवलेले कार्यक्रम मला पाहायला मिळतात, आणि ते करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पॅरिसमध्ये सहा दिवस, लियोंमध्ये तीन दिवस आणि एक दिवस मोकळा, एवढेच ठेवावे.

पॅरिसमधील संग्रहालयांचे सुट्टीचे दिवस आधी लिहून घ्यावेत, कारण ते सारखे नाहीत: लूव्र आणि ओरांजरी मंगळवारी बंद असतात, ओर्से आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. १ मे रोजी जवळपास सगळेच बंद असते. लूव्र, व्हर्साय, सेंत-शापेल आणि आयफेल टॉवर या चारही ठिकाणांची वेळेची तिकिटे आधीच अधिकृत संकेतस्थळावरून काढावीत. लूव्रने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी वेगळा, ३२ युरोंचा दर लावला आहे. अठरा वर्षांखालील मुलांना तिथे आणि इतर राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे, मग ती कोणत्याही देशाची असोत. त्यामुळे मुलीचा पासपोर्ट जवळ ठेवावा.

लूव्र सगळे पाहण्याचा प्रयत्न करू नये. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत उघडे असते. त्या दिवशी दुपारी उशिरा आत जावे, म्हणजे सहल-गटांची गर्दी ओसरू लागलेली असते. ‘मोनालिसा’ पाहण्यासाठी सगळे ज्या दालनात जातात, तिथे ते ७७ सेंटिमीटर उंचीचे चित्र पाहून झाल्यावर मागे वळावे. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेजेने १५६३ मध्ये पूर्ण केलेले ‘काना येथील लग्नाची मेजवानी’ हे जवळजवळ दहा मीटर रुंदीचे चित्र आहे. ते व्हेनिसमधील एका मठाच्या भोजनगृहासाठी काढलेले होते आणि १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने तिथून उचलून आणले. दालनातील बहुतेक माणसे या चित्राकडे पाठ करून उभी असतात, म्हणून त्याच्यासमोर निवांत उभे राहता येते. वादक, कुत्री, ताटे घेऊन धावणारे सेवक, असे शेकडो तपशील मुलीला शोधायला सांगावेत. फोटो काढता येतात, फ्लॅश चालत नाही. चित्राकडे बोट नेऊन दाखवताना हात जवळ जाणार नाही हे पाहावे, आणि इतरांच्या व चित्राच्या मधून जावेच लागले तर हळू आवाजात ‘पार्दों’ म्हणावे.

सासूबाईंना इतके चालणे जमणार नसेल तर ओर्से अधिक सोयीचे आहे. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या रेल्वे स्थानकात १९८६ मध्ये हे संग्रहालय सुरू झाले. मोने, रेन्वार, देगा, व्हॅन गॉग हे सगळे वरच्या मजल्यांवर आहेत आणि लिफ्ट आहे. ओरांजरीतील मोनेच्या कमळांच्या दोन लंबवर्तुळाकार खोल्यांत बसायला बाके आहेत. तिथे बोलू नये, ही विनंती पहारेकरी वारंवार करतात आणि ती योग्यच आहे.

नोत्र-दाम एप्रिल २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. आत प्रवेश विनामूल्य आहे, तेव्हा बाहेर कोणी तिकीट विकू लागला तर तो फसवतो आहे असे समजावे. हे चालते प्रार्थनास्थळ आहे: पुरुषांनी टोपी काढावी, प्रार्थना चालू असेल तर वेदीजवळ फिरू नये, फोटोसाठी पाठ करून हसत उभे राहू नये. जवळच न्यायालयाच्या आवारात सेंत-शापेल आहे. १२४८ मध्ये पूर्ण झालेल्या या राजघराण्याच्या प्रार्थनागृहाच्या वरच्या मजल्यावर भिंती जवळजवळ नाहीतच. पंधरा मीटर उंचीच्या रंगीत काचांच्या खिडक्यांत एक हजाराहून अधिक प्रसंग चितारलेले आहेत. ऊन असलेला दिवस निवडणे शक्य असेल तर यासाठी निवडावा. वर जाणारा जिना अरुंद आणि गोलाकार आहे, हे सासूबाईंच्या दृष्टीने लक्षात ठेवावे.

पेर-लाशेज ही दफनभूमी पाहायला पुष्कळ लोक जातात. शोपँ, बाल्झाक, ऑस्कर वाइल्ड, एदित पियाफ तिथे आहेत. वाइल्डच्या समाधीवर पाहुणे लिपस्टिकचे ठसे उमटवत, त्याने दगड खराब होऊ लागला म्हणून २०११ मध्ये भोवती काच बसवावी लागली. तिथे आजही अंत्यविधी होतात, म्हणून कबरींवर टेकू नये आणि शोकाकुल माणसे दिसली की वाट बदलावी.

लियोंचा आग्रह मी सगळ्यांनाच करते. पॅरिसहून वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांत पोहोचता येते, आणि तिथल्या जुन्या वस्तीत आणि क्र्वा-रूसच्या टेकडीवर ‘त्राबूल’ नावाच्या बोळवजा वाटा आहेत, ज्या एका रस्त्यावरच्या घराच्या दारातून शिरून, अंगणे आणि जिने ओलांडत दुसऱ्या रस्त्यावर निघतात. रेशमाचे विणकर आपला माल पावसापासून वाचवत याच वाटांनी खाली नेत. क्र्वा-रूसच्या घरांची छते एवढी उंच का, हा प्रश्न तिथे गेल्यावर पडतो; झाकार या फ्रेंच संशोधकाचा नक्षी विणणारा उंच माग खोलीत मावावा म्हणून ती तशी बांधली गेली. हाच माग येवल्याच्या विणकरांकडे आणि इचलकरंजीत ‘जेकॉर्ड’ म्हणून ओळखला जातो, त्यामुळे मराठी माणसाला तो परका वाटत नाही. मजुरीच्या किमान दरासाठी या विणकरांनी १८३१ मध्ये उठाव केला होता, आणि ‘कुर दे व्होरास’ या अंगणाचा मोठा दगडी जिना पाहताना त्या काळाची कल्पना येते.

पण त्राबूल या लोकांच्या राहत्या घरांतून जातात, आणि रहिवाशांनी महापालिकेशी करार करून त्यातील काही दिवसा खुल्या ठेवल्या आहेत. सें-झां रस्त्यावरच्या ५४ क्रमांकाच्या दारातून शिरल्यावर एकामागून एक चौक लागतात आणि शेवटी आपण बफ रस्त्यावर २७ क्रमांकापाशी बाहेर पडतो. दार ढकलण्याआधी बटण दाबावे लागते. आत पत्रपेट्यांवर कुटुंबांची नावे असतात, जिन्याखाली मुलांच्या सायकली असतात, वरून कोणाच्या स्वयंपाकघरातला आवाज येतो. इथे कुजबुजण्याइतक्याच आवाजात बोलावे, खिडक्यांकडे कॅमेरा वळवू नये, कोणी रहिवासी समोरून आला तर बाजूला होऊन ‘बोंजूर’ म्हणावे आणि दार आपल्यामागे आवाज न करता लावावे. गडबडीला कंटाळून एखाद्या इमारतीने दार बंद केले, तर तो चौक सगळ्यांसाठीच बंद होतो. इतक्या विश्वासाने उघडे ठेवलेले दार मी दुसरीकडे क्वचितच पाहिले आहे, म्हणून या बाबतीत मी माझ्या गटांना कडक शब्दांत सांगते.

जेवणाबद्दल सगळ्यात आधी वेळ सांभाळावी. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी साडेसातनंतर, या वेळांबाहेर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद असते; साडेतीनला भूक लागली तर फक्त कॅफे किंवा बेकरी. आत गेल्यावर स्वतःहून टेबलावर बसू नये, किती जण आहोत ते सांगून जागा दाखवली जाईपर्यंत थांबावे. तिथे ‘मन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीचे जेवण, पदार्थांची यादी हवी असेल तर ‘कार्त’ मागायचे, आणि ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. दुपारचे मन्यू संध्याकाळपेक्षा बरेच स्वस्त पडते. बाटलीबंद पाणी नको असेल तर ‘यून कराफ दो’ म्हणावे; नळाचे पिण्याचे पाणी विनामूल्य देणे उपाहारगृहांना कायद्याने बंधनकारक आहे. वाढप्याला चुटकी वाजवून किंवा ‘गार्सों’ म्हणून बोलावू नये. नजर मिळवावी आणि ‘सिल व्हू प्ले’ म्हणावे. बिल आपण मागितल्याशिवाय येत नाही. हा दुर्लक्षाचा प्रकार मुळीच नाही. जेवणाऱ्याला उठवणे तिथे असभ्य मानतात. सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते. जेवण आवडले तर एक-दोन युरो ठेवावेत, न ठेवल्यास कोणी दुखावत नाही. एक पदार्थ मागवून चौघांत वाटून घेण्याची आपली पद्धत मात्र तिथे रुचत नाही. प्रत्येकाने निदान एक मुख्य पदार्थ घ्यावा.

शाकाहाराचा प्रश्न पॅरिस आणि लियोंमध्ये आता सुटण्यासारखा आहे, पण नेमके बोलावे लागते. ‘व्हेजितारियें’ एवढे सांगून मासे समोर येऊ शकतात, म्हणून ‘नी व्हियांद, नी प्वासों’, म्हणजे मांस नाही आणि मासेही नाहीत, असे पूर्ण वाक्य म्हणावे. कांद्याच्या सुपात बहुधा गाईच्या हाडांचा अर्क असतो, किश लोरेनमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि थरथरणाऱ्या थंड गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते. पारंपरिक चीज वासराच्या जठरातील विकराने विरजलेले असते. सासूबाई या बाबतीत काटेकोर असतील तर हे त्यांना आधी सांगून त्यांचा निर्णय त्यांना घेऊ द्यावा. चांगला पर्याय म्हणजे ब्रेतान्य प्रांतातील गालेत, कुट्टूच्या पिठाचे पातळ धिरडे, ज्यात मशरूम, पालक, टोमॅटो घालून मागता येतात. पिठात अंडे आहे का ते विचारावे. ब्रेतान्यहून येणाऱ्या गाड्या पॅरिसच्या मोंपारनास स्थानकावर थांबतात आणि म्हणूनच त्या परिसरात गालेत करणारी दुकाने दाटीने आहेत. घरच्या चवीची आठवण झाली तर पॅरिसच्या गार द्यू नॉर या रेल्वे स्थानकाजवळचा ला शापेल भाग आहे; तिथे तमिळ मंडळींची दुकाने आहेत, विनायकाचे देऊळ आहे, आणि गणेश चतुर्थीच्या सुमारास त्या रस्त्यांवरून रथाची मिरवणूक निघते.

बाजारात फळांना हात लावून दाबून पाहू नये. दाखवावे, विक्रेता निवडून देईल. खरबूज घेताना तो विचारतो, आज खाणार की उद्या, दुपारी की रात्री, आणि उत्तराप्रमाणे देठाशी वास घेऊन, बोटाने अलगद दाबून एकच उचलतो. चीजवालाही कामांबेर या मऊ चीजच्या बाबतीत तसेच करतो, डबी उघडून मधोमध अंगठा टेकवतो. हा संवाद मोडक्या फ्रेंचमध्ये का होईना, आपण करावा. पदार्थाच्या वेळेविषयी त्या समाजाची जी निष्ठा आहे, ती मला तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसली.

कोणाच्या घरी बोलावणे आलेच, तर सांगितलेल्या वेळेनंतर दहा-पंधरा मिनिटांनी पोहोचावे, आधी कधीही नाही. फुले न्यावीत, पण शेवंती नको, कारण ती १ नोव्हेंबरच्या सुमारास कबरींवर वाहतात. यजमानीणबाई सुरुवात करेपर्यंत जेवू नये, हात मांडीवर न ठेवता मनगटे टेबलावर टेकवावीत, पाव सुरीने न कापता हाताने मोडावा. त्रिकोणी तुकड्याच्या चीजचे टोक कापून घेऊ नये. ते सगळ्यात चवदार असते, म्हणून लांबीच्या बाजूने पातळ काप घ्यावा, म्हणजे प्रत्येकाला थोडे टोक आणि थोडी कड मिळते. गालाला गाल लावण्याचे अभिवादन आपण होऊन करू नये. हात मिळवणे पुरेसे आहे.

प्रवासाचे थोडक्यात सांगते. जानेवारी २०२५ पासून पॅरिस परिसरात मेट्रो आणि उपनगरी गाड्यांचे एकेरी तिकीट, विमानतळ वगळता, एकाच दराचे झाले आहे. ते ‘नाव्हिगो ईझी’ कार्डावर भरावे, प्रत्येकी एक कार्ड घ्यावे आणि बाहेर पडेपर्यंत जपून ठेवावे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे. दाराजवळच्या घडीच्या आसनांवर गर्दीच्या वेळी बसू नये. पॅरिसमधील टेकडीवरच्या साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांजवळ मनगटाला दोरा बांधणारे आणि सहीसाठी कागद पुढे करणारे भेटतील. ‘नों, मेर्सी’ म्हणून न थांबता पुढे जावे, आणि मेट्रोत पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यावी.

मोकळ्या दिवशी, कुटुंबाला इतिहासाची आवड असेल तर, उत्तरेला लील शहराजवळचे नव्ह-शापेल येथील भारतीय सैनिकांचे स्मारक पाहावे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची कबर नाही अशा चार हजारांहून अधिक भारतीय सैनिकांची नावे तिथे वर्तुळाकार भिंतीवर कोरलेली आहेत. पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तुकड्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावात लढल्या. तिथपर्यंत जाण्यासाठी लीलहून गाडी करणे सोयीचे पडते. गावकरी ही जागा आदराने सांभाळतात, तेव्हा तिथे डबा उघडून बसू नये.

तारखा अजून ठरायच्या असतील तर ऑगस्ट टाळावा, कारण त्या महिन्यात चांगल्या बेकऱ्या आणि लहान उपाहारगृहे मालकांच्या सुट्टीमुळे बंद असतात. सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार मी सुचवेन. १९८४ मध्ये सुरू झालेले वारसास्थळांचे दिवस आता त्या दोन दिवसांत पाळले जातात आणि एरवी बंद असणारी सरकारी भवने, राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादासह, नागरिकांना आणि पाहुण्यांना पाहता येतात. काही ठिकाणी आधी नोंदणी लागते आणि ती साधारण काही आठवडे आधी सुरू होते, म्हणून विमानाची तिकिटे काढल्याबरोबर त्या वर्षीचा कार्यक्रम पाहायला लागावे.